त्रेसष्ट फुलांचा गुन्हा

ज्या दिवशी दूध, लोणी, अर्धा कापलेला कोबी आणि डोळ्यांत घालायचं औषध फ्रिजमधून बाहेर आलं आणि त्यांच्या जागी एक कुंडी जाऊन बसली, त्या दिवशी आवकरावांच्या बायकोने नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग ओट्यावरच्या दुधाकडे पाहत ती म्हणाली, "हे रोप फ्रिजमध्ये राहणार. दुधाने कुठे राहायचं, तेवढं सांगा."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," आवकराव म्हणाले.

हे वाक्य ते कार्यालयात रोज दहा वेळा म्हणत असल्यामुळे त्याचा अर्थ बायकोला चांगला ठाऊक होता. तिने दुधाचं पातेलं उचललं आणि समोरच्या घरी नेऊन ठेवलं.

आवकराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात ते एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसत होते. बाहेरून आलेल्या कागदावर तारीख, क्रमांक आणि शिक्का पडेपर्यंत तो कागद या जगात आला आहे हेच त्यांना मान्य नसायचं. साहेबांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा त्यांनी तिच्यावर क्रमांक टाकला, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' असा शेरा मारला आणि ती साहेबांपुढेच नेऊन ठेवली. अशा माणसाने पुढे जे केलं ते का केलं, असं कोणी विचारू नये.

तर हे रोप आलं कुठून? थेट शिखरावरून. आणि सगळं दुखणं इथेच होतं, कारण हे खरं असूनही कोणाला खरं वाटत नव्हतं.

कार्यालयाची सहल डोंगराच्या पायथ्याशी गेली होती. बावीस जणांपैकी एकवीस जण विश्रामगृहात पत्ते कुटत बसले. बाविसावे आवकराव. ते पहाटे उठले, पाण्याची बाटली, दोन उकडलेली अंडी आणि छत्री घेतली आणि कोणाला न सांगता निघाले. त्यामागे त्यांचा साडू होता. म्हणजे तो सोबत नव्हता, घरीच होता, पण त्याचं एक वाक्य सोबत होतं. महिन्याभरापूर्वी जेवायला आलेला असताना साडू सगळ्यांसमोर म्हणाला होता, "यांना तिसरा मजला चढताना धाप लागते, हे कसले डोंगर बघणार? खालून बघतील आणि नोंद करतील." सगळे हसले होते. आवकरावांची बायकोही हसली होती, थोडीशी.

ते चढले. तीन हजार दोनशे मीटर, एकट्याने, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. वाटेत तीनदा परत फिरायचं ठरवलं, दोनदा बसून राहिले, एकदा छत्रीशी बोलले. पण वर पोचले. वर कोणी नव्हतं. फोनची बॅटरी वाटेत उजेड पाडण्यात संपली होती, त्यामुळे फोटो नाही. मग दगडाच्या फटीत त्यांना ते दिसलं: वीतभर उंचीचं रोप, लोकरीत गुंडाळल्यासारखी पांढुरकी पानं आणि मध्ये एक मिटलेली कळी. आवकरावांनी ते अलगद मुळासकट काढलं, रुमालात गुंडाळलं, अंड्यांच्या डब्यात ठेवलं आणि खाली आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी परवानगीशिवाय काही केलं होतं, आणि ते करताना त्यांना फार छान वाटलं होतं, हेही सांगून टाकायला हवं.

खाली कोणी विश्वास ठेवला नाही. "बाजारात गेला होतात ना?" हेडक्लार्क डोळा मारून म्हणाले. साडूला फोन केला तर तो म्हणाला, "विश्रामगृहाच्या कुंडीतलं असेल, बघा." हे सगळं आवकरावांनी पचवलं असतं. पण घरी येऊन त्यांनी बायकोला सगळा चढ पायरीपायरीने सांगितला आणि शेवटी विचारलं, "मग?" तेव्हा ती पोळपाट धुता धुता म्हणाली, "असेल हो."

हा 'असेल' आवकरावांना लागला. 'आहे' आणि 'असेल' यांत काय फरक असतो ते आवक-जावकच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या रात्री त्यांनी ठरवलं की कळी फुलली पाहिजे, साडूला घरी बोलावलं पाहिजे आणि बायकोच्या देखत त्याला हे फूल दाखवलं पाहिजे.

कळी मात्र तिसऱ्याच दिवशी मान टाकू लागली.

समोरच्या घरात भूगोलाच्या बाई राहत. पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि अजूनही जिन्यात भेटलेल्या माणसाला दिशा सांगत. त्यांनी रोप पाहिलं, चष्मा वर केला आणि कागद मागवला.

"दर हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं," त्या म्हणाल्या. "तीन हजार दोनशेला झाले वीस अंश आणि वर थोडे. म्हणजे तुमची बैठकीची खोली वीस अंशांनी चुकलेली आहे."

"मग काय करायचं?"

"एक तर घर वर न्यायचं, नाही तर थंडी खाली आणायची."

थंडी खाली आणायची जागा घरात एकच होती. अशा रीतीने कुंडी फ्रिजमध्ये गेली आणि दूध बाईंकडे. कोबी आणि टोमॅटो वरच्या मजल्यावर मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री फ्रिज दुरुस्त करत, त्यामुळे त्यांच्या घरात चार फ्रिज होते आणि त्यांतला एक चालू होता. तेव्हापासून आवकरावांच्या घरी चहा करायचा तर समोर जावं लागे आणि भाजी करायची तर एक मजला चढावा लागे. लोणी नेमकं कोणाकडे आहे हे दोन दिवस कळलंच नाही.

कुंडी पाहायला आलेल्या मिस्त्रींनी दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"साहेब, दार लावलं की आतला दिवा विझतो. रोपाला अंधार."

"विझतो हे तुम्ही कशावरून म्हणता?" आवकराव म्हणाले. "दार लावल्यावर आत कोणी पाहिलंय?"

प्रश्न बिनतोड होता. मिस्त्री वीस वर्षं या धंद्यात होते पण असं कोणी त्यांना विचारलं नव्हतं. दोघांनी मिळून दाराच्या फटीला डोळा लावला, मग कान लावला. शेवटी मिस्त्रींनी दाराचं बटणच काढून टाकलं आणि दिवा कायमचा चालू करून दिला. डोंगरावर वारा असतो म्हणून जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखाही आत बसवला. त्या दिवसापासून फ्रिज असा काही घुमू लागला की खालच्या मजल्यावरचे लोक गिरणी काढली का म्हणून विचारायला आले.

आणि नवव्या दिवशी फूल उमललं.

सकाळी दात घासता घासता आवकरावांनी सवयीने दार उघडलं, तर मध्ये पिवळसर गोंडा आणि भोवती चांदणीसारखी पांढरी पानं पसरलेली. आवकराव ब्रश तोंडात धरून तसेच उभे राहिले. बायको मागे येऊन उभी राहिली. "बाई गं," ती हळूच म्हणाली, "किती नाजूक आहे हो." त्या सकाळी दोघांनी फ्रिजचं दार उघडं टाकून, समोर दोन पाट मांडून चहा घेतला.

आवकरावांनी साडूला फोन लावला. साडू पंपांच्या कंपनीत विभागीय व्यवस्थापक होता आणि फोनवरही मीटिंगमध्ये असल्यासारखा बोलायचा.

"फुललं? छान," तो म्हणाला. "पण ते शिखरावरचंच आहे याला कागद काय?"

"कागद?"

"म्हणजे कुठे नोंद आहे का? तुम्हीच म्हणता ना, नोंद नसेल ते नाहीच म्हणून. येतो आम्ही रविवारी साडेदहाला. कागद काढून ठेवा."

स्वतःचंच शस्त्र असं आवकरावांच्या पोटात घुसलं. पण त्यांना राग आला नाही. साडूचं म्हणणं मुद्द्याला धरून होतं हे त्यांना मनातून पटलं होतं. एकतीस वर्षं ज्याने प्रत्येक टाचणीची नोंद केली, त्याच्या फ्रिजमध्ये बिननोंदीचं फूल असावं हे त्यांना स्वतःलाच बरं दिसेना. त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि रानवनस्पती नोंदणी व संरक्षण कार्यालय गाठलं. त्या पाटीतला 'नोंदणी' हा शब्द त्यांनी डोळे भरून पाहिला. 'संरक्षण' या शब्दाकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

चार नंबरच्या खिडकीत एक किडकिडीत कारकून बसला होता. गळ्यात दोरीने चष्मा, शाईच्या पॅडला घरून शिवून आणलेलं झाकण. शिक्का मारताना तो मनगट उचलत नव्हता, नुसतं वळवत होता. आवकराव पाहतच राहिले. असा हात त्यांनी स्वतःखेरीज कोणाचा पाहिला नव्हता.

कारकुनाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि अकराव्या रकान्यावर पेन्सिल टेकवली.

"फुलांची संख्या एक लिहिलीत."

"एकच आहे."

"कूळ सूर्यफुलाचं लिहिलंय. या कुळात दिसायला एक फूल असतं, पण आत सगळी दाटीवाटी. मधल्या गोंड्यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक फूल. तुमची माहिती खोटी ठरते. मोजून आणा."

"ते मोजायचं कसं?"

"त्याला रकाना नाही," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. आवकरावांना त्याचा राग यायला हवा होता, पण त्यांना त्याच्याबद्दल आदरच वाटला.

मग ती मोजणी. फूल बाहेर काढलं तर गरम हवा लागेल, म्हणून आवकराव फ्रिजसमोर पाटावर बसले, डोकं आत घातलं, एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात सुई. बायकोने टॉर्च धरला. बाई दारात उभ्या राहून सूचना देत होत्या. आतला पंखा आवकरावांच्या नाकावर वारा सोडत होता आणि शिंक आली की ते आकडा विसरत होते. चार वेळा मोजलं. बाईंनी मोजलं तर एकसष्ट आले. मिस्त्री म्हणाले, "साठ धरा, व्यवहार सरळ होतो." आवकरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते टोमॅटो आणायला वर निघून गेले. अखेर बायको म्हणाली, "सरका, मी बघते." तिने न बोलता, ओठ हलवत मोजलं. त्रेसष्ट. आवकरावांनी पुन्हा मोजलं. त्रेसष्ट. दोघांचा हिशेब जुळल्यावर आवकरावांना सर्दी झाली.

मंगळवारी कारकुनाने त्रेसष्ट हा आकडा मान्य केला, मनगट वळवलं आणि अर्जावर क्रमांक पडला. आवक क्रमांक चार हजार चारशे सतरा. आवकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्दीचं आणि त्याशिवायचंही.

"आता पुढचं," कारकून म्हणाला. "हे रोप उपटणं गुन्हा आहे."

"काय?"

"संरक्षित आहे ते. आजवर कोणी अर्ज करून कळवलं नव्हतं. तुम्ही स्थळ, तारीख, उंची, फुलांची संख्या, सगळं सही करून दिलंत. इतका नीटनेटका कबुलीजबाब मी पाहिला नाही."

"मी अर्ज मागे घेतो."

कारकुनाने चष्मा काढला. "आवक झालेला कागद मागे जातो का?"

हे वाक्य आवकरावांनी एकतीस वर्षांत किती लोकांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. ते ऐकायला कसं वाटतं हे त्यांना प्रथमच कळलं.

"निरीक्षक रविवारी अकरा वाजता घरी येतील," कारकून म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, म्हणजे तुरुंग?"

"तुरुंग नाही, पण नोकरीवर शेरा बसेल." आवकराव खोलीत फेऱ्या मारू लागले. पाचव्या फेरीला ते थांबले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "पण अगं, एक गोष्ट लक्षात घे. निरीक्षक येणार, पाहणार, आणि हे शिखरावरचं आहे असं सरकारी कागदावर लिहिणार. आणि साडू साडेदहालाच आलेला असणार."

"तुम्हाला शिक्षा झाली तरी चालेल?"

"नोंद होईल गं."

बायकोने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

गुरुवारी आवकराव कामावर असताना भरदुपारी वीज गेली आणि पाच तास आली नाही. संध्याकाळी धापा टाकत ते तीन मजले चढून आले आणि बुटांसकट स्वयंपाकघरात घुसले. फ्रिज घुमत होता. दार उघडलं तर रोप ताठ उभं, फूल टवटवीत. किंबहुना ते जरा अंगाने भरल्यासारखंच वाटलं. आवकरावांनी वाकून वास घेतला.

"अगं, याला वास सुटलाय. अगदी डोंगरावरचा वास. तिथेही असाच येत होता."

बायकोच्या हातून पळी खाली पडली. "हात ओला होता," ती म्हणाली.

रविवार उजाडला. साडेदहाच्या ठोक्याला साडू आणि मेहुणी आले. साडूने सोफ्यावर बसून पाय लांब केले. "कुठाय तो कागद?" आवकराव म्हणाले, "येतोय." बरोबर अकरा वाजता दार वाजलं आणि निरीक्षक बाई आत आल्या. पायात जाड तळव्यांचे बूट, खांद्याला पिशवी, चेहरा उन्हाने रापलेला. त्यांनी पाणीही घेतलं नाही. पंच म्हणून दोन माणसं लागतात म्हणाल्या आणि तिथेच साडूला आणि समोरून डोकावायला आलेल्या भूगोलाच्या बाईंना नेमून टाकलं. नेमणूक म्हटल्यावर साडू खूश झाला, पाय जवळ घेऊन ताठ बसला.

कुंडी टेबलावर आली. निरीक्षक बाईंनी डोळ्याला भिंग लावलं. त्यांनी एक पान बोटाने पुसलं, बोट नाकाशी नेलं आणि भुवया वर केल्या. मग गोंडा मोजला.

"अर्जात त्रेसष्ट आहेत. इथे एकशे अठरा."

"वाढले असतील," मिस्त्री दारातून म्हणाले. "मी पंखा बसवलाय."

"असे वाढत नाहीत. शिवाय या पानांवर लोकर नाही, चेहऱ्याला लावायची पावडर आहे. हे रस्त्याकडेला उगवणारं साधं झुडूप आहे. कूळ तेच, पण गटाराच्या कडेला हवं तेवढं मिळतं." त्यांनी वही मिटली. "तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. प्रकरण बंद."

कोणत्याही सभ्य माणसाला हे ऐकून हायसं वाटलं असतं. आवकराव पांढरेफटक पडले. आणि साडू हसू लागला. आधी नाकातून, मग पोटातून.

"गटाराकडेचं!" तो म्हणाला. "आणि पावडर! अहो, निदान आमच्यासमोर तरी..."

"हे खरं नाही," आवकराव म्हणाले. "बाई, मी गुन्हा केलाय. मी वर गेलो होतो. मी स्वतःच्या हाताने उपटलं. तुम्ही मला असं सोडू शकत नाही."

"पुरावा नाही."

"मी कबूल करतोय ना."

"झाडाशी जुळत नाही."

आवकरावांनी खुर्ची धरली. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना हेच सांगितलं होतं, कागद आणि वस्तू जुळली पाहिजे म्हणून. आता त्यांचा कागद खरा होता आणि वस्तू खोटी, आणि ती खोटी कशी झाली हे त्यांना कळत नव्हतं. त्यांना रडू येईल असं वाटलं. साडूसमोर नको, एवढंच ते मनात म्हणत होते.

तेवढ्यात बायको उठली. आतल्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला आणि ती एक जाडजूड रजिस्टर घेऊन आली. आवकरावांनीच कधीतरी घरी आणलेलं, कोरं राहिलेलं. तिने ते टेबलावर उघडलं. दोन पानांच्या मध्ये, टीपकागदावर नीट पसरून ठेवलेलं, सुकलेलं रोप होतं. पानांवरची लोकर तशीच्या तशी.

"गुरुवारी वीज गेली तेव्हा हे गेलं," ती निरीक्षक बाईंना म्हणाली. "पंखा बंद, दिवा बंद, आत नुसती वाफ. यांनी घरी येऊन हे पाहिलं असतं तर माणूस जेवला नसता. म्हणून मी शाळेमागच्या गटाराशी गेले आणि त्यातल्या त्यात मिळतंजुळतं घेऊन आले. पावडर माझी आहे. गुन्हा असेल तर तोही माझा."

"आणि हे का जपून ठेवलं?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

"फेकवेना. एवढ्या वरून आणलेलं."

आवकराव तिच्याकडे पाहत राहिले. "तुला खरं वाटत होतं?"

"आठ दिवस तुम्ही जिना उलटे उतरत होतात, कठडा धरून. बुटाचा तळ निघून आला होता. पत्ते कुटून कोणाच्या बुटाचा तळ निघतो?"

"मग तेव्हा असेल हो का म्हणालीस?"

"पोळपाट धूत होते. पुढचं विचारलंत कुठे? तुम्ही तुमच्या साडूंना विचारायला गेलात, कार्यालयाला विचारायला गेलात. मला काय वाटतं ते विचारलंच नाहीत."

भूगोलाच्या बाईंनी चष्मा पुसायला घेतला.

निरीक्षक बाईंनी पुन्हा भिंग लावलं. या वेळी त्यांना बराच वेळ लागला. "त्रेसष्ट," त्या म्हणाल्या. मग नुसतंच त्या रोपाकडे पाहत बसल्या. "शेवटच्या चढाच्या वर, दगडाच्या फटीत. दुसरीकडे कुठेही येत नाही, पायथ्याला तर नाहीच. गेल्या वर्षी मी एकशे चाळीस रोपं मोजली होती. आता एकशे एकोणचाळीस."

एवढं ऐकल्यावर आवकरावांचा आनंद थोडा बाजूला सरला. त्यांना ती फट आठवली. तिथे आता काही नसेल. पुरावा पाहिजे म्हणून त्यांनी ती रिकामी केली होती, आणि हे इतक्या दिवसांत एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. "चुकलो मी," ते म्हणाले, आणि हे त्यांनी कोणाला दाखवायला म्हटलं नव्हतं.

"लेखी ताकीद देते," निरीक्षक बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. "सदर इसमाने शिखरमाथ्यावर जाऊन..."

"उंची घालाल का?" आवकराव हळूच म्हणाले. वाईट वाटणं आपल्या जागी होतं, पण कागद अपुरा राहणं त्यांना सोसवत नव्हतं.

"समुद्रसपाटीपासून तीन हजार दोनशे मीटर उंचीवर..."

"स्वतः पायी. एकट्याने."

"याने गुन्ह्याचं गांभीर्य वाढतं."

"वाढू दे."

लिहून झाल्यावर कागद पंचांपुढे आला. साडूने तो दोनदा वाचला. एकट्याने पायी चढून गेल्याचं आपण समक्ष तपासून खरं मानतो, अशा अर्थाचं वाक्य शेवटी होतं आणि खाली त्याच्या सहीसाठी ठिपक्यांची ओळ होती. त्याने पेन घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. मेहुणी म्हणाली, "करा आता, पंच आहात ना." त्याने सही केली. आवकरावांनी ती सही वाळेपर्यंत फुंकर घातली.

"अजून एक कलम आहे," निरीक्षक बाई सुकलेलं रोप पिशवीत घालत म्हणाल्या. "आमच्या थंड खोलीत वाढवलेलं रोप तुम्हाला मिळेल. ते त्याच फटीत तुम्ही स्वतः नेऊन लावायचं. पंचांसमक्ष."

साडूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पंचांसमक्ष म्हणजे?"

"पंच बरोबर."

"पायी?"

"तिथे दुसरी सोय नाही," निरीक्षक बाई म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी ही मंडळी पहाटे डोंगराला लागली. भूगोलाच्या बाई दर शंभर मीटरला तापमान जाहीर करत सगळ्यांच्या पुढे होत्या. साडू पहिल्या चढालाच एका दगडावर बसला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी इथूनच समक्ष बघतो." मेहुणी त्याला वारा घालत बसली. निरीक्षक बाईंनी त्याचं नाव खोडलं आणि त्या जागी आवकरावांच्या बायकोला पंच नेमलं. आवकरावांनी थांबून साडूला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. टोमणा जिभेवर आला होता, पण चढावर तो बोलायला श्वास पुरला नाही.

दुपारी ते माथ्यावर पोचले. फट तशीच होती, रिकामी. आवकरावांनी गुडघ्यांवर बसून रोप आत बसवलं, बोटांनी माती दाबली, बाटलीच्या झाकणाने पाणी घातलं. निरीक्षक बाईंनी कागद पुढे केला आणि बायकोने सही केली. मग आवकरावांनी खिशातून पेन काढलं. त्यांना या पंचनाम्याचा जावक क्रमांक टिपून घ्यायचा होता.

बायको त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती कमरेवर हात ठेवून, धाप लागलेली, आलेल्या वाटेकडे खाली पाहत होती. किती वळणं, किती दगड, कुठेही कोणी माणूस नाही.

"अहो," ती म्हणाली, "इथे तुम्ही एकटे आलात?"

"हो."

"पुन्हा एकटे येऊ नका."

आवकरावांनी क्षणभर विचार केला आणि पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं. मग डब्यातलं एक अंडं त्यांनी तिला सोलून दिलं, आणि दुसरं स्वतःसाठी सोलायला घेतलं.